कंपनी कॉलेजात येत नाही, तेव्हा काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवणाऱ्या प्राध्यापिकेकडे यंदा प्लेसमेंट सेलचा, म्हणजे मुलांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या विभागाचा, कार्यभार आला आहे. कॉलेजने दोन वर्षांत सात कंपन्यांशी एमओयू (सहकार्याचे करार) केले, पण कॅम्पसला, म्हणजे कॉलेजात येऊन भरती करायला, एकही कंपनी फिरकली नाही. मुले बीकॉम, बीएससी आणि बीएची, बहुतेक डिचोली-सत्तरीच्या गावांतून बसने येणारी. कंपन्या आणायच्या कशा, आणि आणल्या तर मुले तिथे टिकतील का, असे त्या विचारतात.

मॅडम, फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षे हेच काम केले. पहिली तीन-चार वर्षे मीही एमओयूच जमवत होते. ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाईलमध्ये असू द्यात, तिथे ते लागतात. पण एमओयूवर सही करणारे साहेब आणि तुमच्या मुलाला कामावर घेणारा माणूस सहसा एक नसतो. सही मॅनेजमेंटमधल्या कोणाची तरी असते. माणूस हवा असतो तो क्यूसीच्या (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाच्या) सेक्शन हेडला, स्टोअर्सच्या इनचार्जला, हॉटेलच्या फ्रंट ऑफिस मॅनेजरला. त्यांना तुमच्या एमओयूची गंधवार्ताही नसते.

तेव्हा आधी त्यांच्या बाजूने बघूया. दक्षिण गोव्यातल्या वेर्ण्याच्या कंपनीत भरती बघणाऱ्या एचआरने चार जागांसाठी दिवस मोडून डिचोलीला का यावे? अर्जांचा त्याच्याकडे ढीग असतो. कंपनीतलाच कोणी भावाचा, मेहुण्याचा बायोडाटा आणून देतो. त्याचे खरे दुखणे पुढचे आहे. घेतलेला मुलगा चार महिन्यांत जातो. कधी पाळी झेपत नाही, कधी बस मिळत नाही, कधी सरकारी भरतीची जाहिरात निघते. मग तीच जागा पुन्हा भरा, पुन्हा शिकवा. या दुखण्यावर आपल्याकडे औषध आहे, कारण आपण त्या मुलाला तीन वर्षे रोज पाहिलेले असते. कोण वेळेवर येतो, कोणाच्या घरची गरज किती, कोण पोलीस भरतीच्या तयारीत आहे, कोणाला पुढे एमएससी करायचे आहे, हे कंपनीला कुठल्याही टेस्टमधून कळणार नाही. ही माहिती खरी सांगायची. आणि कंपनीचे काम कसे आहे ते मुलांना तितकेच खरे सांगायचे. प्लेसमेंट सेलचे काम मला तरी एवढेच वाटते, आणि ते करायला बूट झिजवावे लागतात.

एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतर माझी कामाची पद्धतच बदलली. आमच्या केमिस्ट्रीच्या मुलांना एका औषध कंपनीने सलग दोन वर्षे नाकारले. गुण चांगले, मुलाखतीत बोललीही बरी. एचआर फोनवर एवढेच म्हणायचा, ‘मॅडम, सूटेबल नाहीत.’ शेवटी केमिस्ट्रीच्या सरांना घेऊन मी थेट क्यूसीच्या प्रमुखांना भेटायला गेले. त्यांनी चहा मागवला आणि आमच्याच एका मुलाने टेस्टच्या वेळी लिहिलेला कागद पुढे ठेवला. रीडिंग चुकले होते, ते त्याने गिरवून गिरवून खोडले होते आणि वर नवा आकडा घातला होता. ते म्हणाले, ‘हा मुलगा हुशार असेल, पण माझ्याकडे हे चालणार नाही. औषधाच्या कारखान्यात चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. ऑडिटर आधी हेच बघतो.’

आम्ही मुलांना जर्नल सुंदर ठेवायला शिकवत होतो. चूक झाली की पान फाडा, नाहीतर व्हाईटनर लावा. म्हणजे त्या कंपनीत जी गोष्ट गंभीर दोष धरली जाते, तिचा सराव आम्ही तीन वर्षे करून घेत होतो! सरांनी त्याच वर्षी दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला व्हाईटनर बंद केले. एक रेघ, सही, तारीख. वजन केले की लगेच नोंद, मागाहून आठवून लिहायचे नाही. अभ्यासक्रमाला धक्का नाही, विद्यापीठाची परवानगी नको, पैसा नको. पुढच्या वर्षी त्याच प्रमुखांना आम्ही प्रॅक्टिकल बघायला बोलावले. ते आले, मुलांची जर्नले चाळली आणि जाताना म्हणाले, यंदा टेस्ट इथेच घेऊ. एमओयूने जे झाले नव्हते ते एका आडव्या रेघेने झाले.

म्हणून तुम्हाला पहिले सांगणे हे की, कंपनीत नोकऱ्या मागायला जाऊ नका. ‘आमची मुले तुमच्याकडे कुठे कमी पडतात?’ हे विचारायला जा. हा प्रश्न विचारणाऱ्याला सेक्शन हेड वेळ देतो. नोकरी मागणाऱ्याला गेटवरचा सिक्युरिटी ईमेल आयडी देतो.

कुठल्या कंपन्यांकडे जायचे, तेही सांगते. सगळे वेर्ण्याकडे धावतात, कारण मोठी नावे तिथे आहेत. तुमच्या मुलांसाठी होंडा, डिचोली, कुंडई, मडकई, बेतोडा या औद्योगिक वसाहती आधी बघा. वाळपईच्या पुढच्या गावातून वेर्ण्याला रोज जाऊन येणे म्हणजे घरात फक्त झोपायला येणे. कंपनीची बस कुठपर्यंत येते आणि तिथून गावात जायला काय मिळते, हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे. आपण तो कॅम्पसच्या दिवशी विचारतच नाही. मी तर वहीत प्रत्येक कंपनीच्या नावाखाली पगाराच्या आधी बसचे थांबे लिहून ठेवत असे.

आणि इथे आई-वडिलांचा विषय येतो. गोव्यात हे काम करणाऱ्याने तो टाळूच नये. तुमच्याकडची बरीच घरे खाणीवर जगलेली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुन्हा थोड्या सुरू होतात न होतात तोच ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लिजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून सगळे परत थांबले. ज्या घराच्या अंगणात बँकेचे हप्ते डोक्यावर असलेला ट्रक उभ्या उभ्या गंजला, त्या घराला खाजगी नोकरीची धास्ती वाटणारच. ‘थोडे थांब, सरकारी निघेल’ असे वडील म्हणतात तेव्हा ते आळशीपणा शिकवत नसतात, ते पोळलेले असतात. त्यांना भाषण देऊन काही होत नाही. दाखवावे लागते.

एकदा कुंडईच्या एका युनिटने आमच्या आठ मुलींची निवड केली. आठवडाभरात पाच जणींनी नकार कळवला. मी घरी फोन लावले. एका आईने मला सरळ विचारले, ‘मॅडम, कंपनी बरी आसा म्हणटात, पूण चली रातची घरा कशी पावतली?’ म्हणजे, मुलगी रात्री घरी कशी पोहोचणार? माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कंपनीला विनंती केली की, या मुलींच्या पालकांना एक दिवस आत येऊ द्या. एचआरला ते विचित्र वाटले, पण त्यांनी मान्य केले. शनिवारी सकाळी सहा पालक आले. त्यांनी कॅन्टीन पाहिले, मुलींची चेंजिंग रूम पाहिली, आधीपासून काम करणाऱ्या शिरोड्याच्या एका मुलीशी बोलले. बस तिस्क-उसगावपर्यंतच येते हे तिथेच सर्वांसमोर निघाले. त्या भागातून इतक्या जणी येणार म्हटल्यावर कंपनीने दुसऱ्या पाळीची बस होंड्यापर्यंत वाढवली. नकार दिलेल्या पाचांपैकी चौघी रुजू झाल्या. पाचवीच्या घरच्यांना ते नाहीच पटले, आणि तिला मी पुन्हा गळ घातली नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडून शब्द मोडला जातो तेव्हा काय होते, तेही मी भोगले आहे. एके वर्षी एका कंपनीने ११ मुले घेतली. सगळ्यांनी होकार दिला, कॉलेजच्या दारावर फोटो लागले. रुजू व्हायच्या दिवशी ४ जण गेले. उरलेल्यांनी फोनसुद्धा उचलले नाहीत. त्या एचआरला तिच्या साहेबांनी काय ऐकवले असेल ते असेल, पण पुढची पाच वर्षे ती कंपनी आमच्याकडे आली नाही, आणि त्यांच्या ओळखीतल्या आणखी दोन कंपन्यांनीही पाठ फिरवली. गोवा एवढासा. सगळे एचआर एकमेकांना ओळखतात, त्यांचे ग्रुप असतात. दोष माझाच होता. यादीत नावे जास्त दिसावीत म्हणून, ज्यांना जायचेच नव्हते त्यांनाही मी मुलाखतीला बसवले होते.

त्यानंतर मी एक रीत ठेवली. मुलाखतीच्या आधी प्रत्येकाला एकटे बोलावून विचारायचे, ‘खरे सांग, घेतले तर जाशील?’ ‘नाही’ म्हणणाऱ्याला रागवायचे नाही. उलट त्याला धन्यवाद द्यायचे, कारण त्याने रांगेत मागे असलेल्या मुलासाठी जागा मोकळी केली. आणि सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्यांबद्दल कंपनीला आधीच सांगायचे: हा चांगला आहे, पण परीक्षा देणार आहे, वर्षभर चालेल का? काही कंपन्यांना वर्षभराचा माणूसही चालतो, त्यांना फक्त आधी कळायला हवे असते.

कंपन्यांकडूनही लपवालपवी होते. एका ठिकाणी आम्हाला मोठ्या कंपनीचे नाव सांगितले गेले आणि मुलांच्या हातात पत्र पडले ते मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे. पगारही सांगितलेल्या सीटीसीच्या (कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्याच्या) मानाने हातात फार कमी. मुले माझ्याकडे पत्र घेऊन आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत बघायची मला लाज वाटली. तेव्हापासून कंपनी येण्याआधी मी लेखी विचारत असे: नेमणुकीचे पत्र कोणाच्या नावाचे असेल, पहिल्या महिन्यात हातात किती येतील, पाळ्या कशा आहेत, बॉण्ड आहे का. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणायची. झेरॉक्स घ्या, मूळ बघा आणि परत द्या. कंत्राटदारामार्फतची नोकरी वाईटच असते असे नाही, काही मुले तिथूनच कायम झाली. पण ते त्यांना आधी माहीत होते.

सगळ्यात महत्त्वाचे काम मला तिसऱ्या महिन्यातल्या फोनचे वाटते. मुलगा रुजू झाल्यावर तिसरा महिना लागला की मी दोन फोन करायची, एक मुलाला आणि एक त्याच्या सुपरवायझरला. एचआरला नाही, सुपरवायझरला. पहिल्या महिन्यात सगळे नवे असते, दुसऱ्यात पगाराचे अप्रूप असते. तिसऱ्यात रात्रपाळीने अंग आंबते, कोणीतरी ओरडलेले असते आणि घरी ‘सोड ती नोकरी’ सुरू होते. त्या आठवड्यात पाच मिनिटांचे बोलणे पुष्कळ काही सावरते. एक मुलगा सोडायच्या बेतात होता, कारण त्याला वाटत होते की साहेब आपल्याला मुद्दाम रोज झाडू मारायला लावतात. सुपरवायझरला विचारले तर कळले की, प्रत्येक नवा माणूस पहिले तीन महिने स्वतःचे मशीन स्वतः साफ करतो, म्हणजे मशीनचा कानाकोपरा कळतो. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते! मी सांगितले, तो राहिला. आणि ‘कॉलेजातून असा फोन आम्हाला पहिल्यांदा आला’ असे जे सुपरवायझर म्हणाले, त्यांनीच पुढची कितीतरी वर्षे जागा निघाली की जाहिरातीच्या आधी मला कळवले.

वेळापत्रकाचे थोडे बघा, तिथे पुष्कळ मेहनत वाया जाते. हॉटेलवाल्यांना माणसे हवीत ती ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, सीझनमध्ये. नेमक्या त्याच काळात आपल्या परीक्षा आणि सेमिस्टर. डिसेंबरात हॉटेलच्या मॅनेजरला भेटायला गेलात तर तो तुम्हाला लॉबीत बसवून विसरेल. जून-जुलैत, पावसात जा. तेव्हा त्याला बोलायला वेळ असतो आणि पुढच्या सीझनची भरती त्याच्या डोक्यात असते. आपल्या परीक्षांच्या तारखा तेव्हाच त्याच्या हातात द्या. कारखान्यांकडे मार्चअखेरीस जाऊ नका.

तुमच्या बीकॉमच्या मुलांसाठी तर मोठ्या कंपनीच्या आधी म्हापसा, डिचोली, फोंड्यातल्या सीएंच्या ऑफिसांची दारे ठोठवा. त्यांची घाई आणि आपली सुट्टी जुळते. पगारदारांच्या विवरणपत्रांची ३१ जुलैची मुदत जवळ येत असते, जीएसटीचे दर महिन्याचे काम चालूच असते, आणि मे-जूनमध्ये बिलांच्या नोंदी करायला हात हवे असतात. आपल्याकडे २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशोबाने एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटांना १२० तास. सीएकडे रोज सहा तास गेले तर वीस दिवसांत होतात. पण तास भरले की सही, असे होऊ देऊ नका. मुलाने तिथे नेमके काय केले ते त्याच्याकडून दर शुक्रवारी चार ओळींत लिहून घ्या. ‘फाईली लावल्या’ असे सलग दोन शुक्रवार आले तर तिसऱ्या सोमवारी तुम्ही स्वतः त्या ऑफिसात चहाला जा.

अप्रेंटिसशिपबद्दल, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीबद्दल, पालकांचा आणि मुलांचाही गैरसमज असतो. ती फक्त आयटीआयवाल्यांची, असे त्यांना वाटते. पदवीधरांनाही ती मिळते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, आणि त्या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. पदवीधरांच्या नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत किमान स्टायपेंडचा निम्मा हिस्सा केंद्र सरकार देते. मध्यम आकाराच्या युनिटच्या मालकाला हे समजावून सांगणारा कोणी भेटत नाही. पोर्टलच्या नोंदणीला तो कंटाळतो. ती नोंदणी त्याच्या ऑफिसात बसून करून द्या, दोन तास जातात, पण त्यानंतर तो तुमचा. मुलांना मात्र आधीच सांगा की हे शिकाऊ वर्ष आहे, पीएफ कापला जाणार नाही, आणि पुढे कायम करण्याची हमी नाही. अप्रेंटिसला पीएफ नाही हे कळल्यावर एका वडिलांनी कंपनी फसवते म्हणून मोठा गहजब केला होता. आधी सांगितले असते तर तो टळला असता.

वशिल्याचे फोन येणार. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे, पंचांचे, कधी त्याहून वरचे. ‘अमक्याचे नाव यादीत घाला.’ मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची: मुलाखतीला बसायला पात्र असेल तर तो बसेलच, पण निवड माझ्या हातात नाही आणि शिफारस मी करणार नाही. दोन वेळा याचा त्रासही झाला. पण एचआरच्या मनात एकदा जरी आले की, कॉलेजातून येणाऱ्या यादीत वशिल्याची नावे घुसवलेली आहेत, तर पुढे तुमच्या खऱ्या शिफारशीलाही किंमत उरत नाही. आणि खरी शिफारस कधीतरी करावीच लागते. धारबांदोड्याचा आमचा एक मुलगा, फिजिक्सचा, मुलाखतीत तोंडातून शब्द फुटेना. पण लॅबमधली बिघडलेली उपकरणे तोच दुरुस्त करायचा. मी मेंटेनन्सच्या प्रमुखांना म्हटले, याला प्रश्न विचारू नका, याच्यासमोर काहीतरी बिघडलेले ठेवा. त्यांनी ठेवले. आज तो तिथे कॅलिब्रेशनचे, म्हणजे मोजमापाची उपकरणे अचूक आहेत का ते तपासण्याचे, काम बघतो. असा शब्द मी त्या कंपनीकडे इतक्या वर्षांत दोनदाच टाकला, म्हणून तो ऐकला गेला.

माजी विद्यार्थ्यांना बोलावताना मोठ्या हुद्द्यावर गेलेल्यांच्या मागे लागू नका. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले बोलवा, तीच आजची गोष्ट सांगतात. पुण्या-बंगळूरला असलेली मुले चतुर्थीला गावी येतातच. चतुर्थीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडते त्या पहिल्या दोन दिवसांत दोघा-तिघांना अडवा, व्यासपीठ नको, हार नको, वर्गात बाकावर बसून बोलू द्या. त्या वेळी शिक्षकांनी बाहेर जायचे. मुले पगार विचारतात, भाडे विचारतात, साहेब ओरडतात का ते विचारतात, आणि आपण समोर असलो की यातले काही विचारत नाहीत.

बीएच्या मुलांची काळजी तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिली आहे, पण मला ती सर्वात जास्त वाटते. त्यांच्यासाठी कोणी ‘बीए हवेत’ म्हणून येत नाही. मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, तेव्हापासून तिथली ग्राउंड स्टाफची, तिकीट काउंटरची कामे उत्तर गोव्यातल्या मुलांच्या आवाक्यात आली. हॉटेलांचे रिझर्वेशन, बँकांचे विक्री विभाग, दैनिकांची ऑफिसे, इथेही त्यांना वाव आहे. कोकणी, मराठी, हिंदी अशा तीन भाषा ही मुले सहज बोलतात, त्याची त्यांना स्वतःलाच किंमत नसते. चौथी, इंग्रजी, वाचता येते पण बोलताना अडते. आम्ही दुपारच्या सुट्टीत रोज वीस मिनिटे फोनवर बोलायचा सराव घेत असू, एकाने पाहुणा व्हायचे, दुसऱ्याने रिसेप्शनवर बसायचे. पाठ केलेले ‘माय सेल्फ’ त्यात आपोआप गळून पडते.

एकट्या तुमच्या कॉलेजसाठी कंपनी येत नसेल तर साखळी शहरातल्या आणि आसपासच्या कॉलेजांना सोबत घेऊन पूल कॅम्पस, म्हणजे सगळ्यांची मिळून एकत्र भरती, करा. यात कमीपणा मानू नका. शेजारच्या कॉलेजची मुले जास्त निवडली गेली तर प्राचार्यांना उत्तर द्यावे लागेल, म्हणून त्यांना आधीच विश्वासात घ्या. पण हे जानेवारीनंतरचे काम. आत्ता या पावसात होंडा आणि डिचोली वसाहतीतली मिळून पाच युनिटे निवडा. वेळापत्रकात बुधवारची दुपार मोकळी मागून घ्या, लेखी मागा, नाहीतर ती सुपरव्हिजनमध्ये जाईल. आणि औषधांच्या किंवा रसायनांच्या युनिटला जाताना एकट्या जाऊ नका, केमिस्ट्रीच्या कोणाला तरी सोबत न्या. तिथले प्रमुख जे बोलतील त्यातले निम्मे तुम्हाला आणि मला कळणार नाही, त्यांना कळेल.